छातीवरचा हात

सोनगिरीच्या घाटात, वाघजाईच्या देवळाच्या जरा अलीकडे, एक मोठा फलक लावलेला आहे. त्यावर उलटलेला टेम्पो दिसतो, रस्त्याभर पसरलेली डाळिंबाची रोपं दिसतात आणि खाली लिहिलेलं आहे, ‘नमस्कार मनातून करा. हात स्टिअरिंगवर ठेवा.’ टेम्पोचा नंबर पुसट केलाय, पण त्याचा काही उपयोग नाही. टेम्पो यदुनाथ शेवाळेचा होता हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

यदुनाथची बायको मैथिली रोज सकाळी एसटीनं हा घाट उतरून कामाला जाते. फलक ज्या बाजूला येतो त्या बाजूचीच खिडकी ती धरते. सुरुवातीला कंडक्टर हळूच म्हणाला होता, “वहिनी, पलीकडं बसा की, ऊनही कमी लागंल.” तिनं नुसती मान हलवली आणि तिथंच बसून राहिली. राग विरजणासारखा असतो; रोज थोडा राखून ठेवला तरच दुसऱ्या दिवशी लागतो.

शेवाळ्यांचं घर महानुभाव. श्रीकृष्णाशिवाय दुसऱ्या दैवतापुढे त्या घरात कुणी हात जोडत नाही. त्यात कुणाचा अवमान नसतो, आपली निष्ठा असते इतकंच. मैथिलीचं माहेर मात्र वाघजाईचं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं टेम्पोतून घाट चढले तेव्हा देऊळ आल्यावर तिनं सवयीनं छातीला हात लावून डोकं लववलं आणि मग दचकून त्याच्याकडे पाहिलं. यदू गिअर बदलत होता.

“कर की,” तो म्हणाला. “तू देवी सांभाळ, मी गाडी सांभाळतो. दोघांचं भागतंय.”

आणि अपघाताचा अहवाल म्हणतो, की हा माणूस देवळापुढे नमस्कारासाठी हात सोडून मेला.

त्या अपघातात स्कूटरवरच्या एका गुरुजींचा पाय गेला. गावात यदूच्या नावापुढे आता निष्काळजी हा शब्द लागतो. पण सासूबाईंच्या, गयाबाईंच्या, जिवाला लागलंय ते वेगळंच. त्या मधेच भाकरी थापायची थांबतात आणि विचारतात, “मरताना त्यानं दुसऱ्या देवाला हात जोडला नसंल ना गं?” मैथिली म्हणते, “नाही आई.” त्यांना ते पटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारतात. सुनेच्या शब्दाला अहवालाइतकं वजन कुठून येणार?

*

‘पहारा’ ही यंत्रणा घाटात आली तेव्हा लोकांनी तिचं स्वागतच केलं होतं, आणि तसं ते करण्यासारखंच होतं. आपलं काळीज प्रत्येक ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त ढकलतं. त्यानं चेहरा कणभर लालसर होतो आणि परत ओसरतो. माणसाच्या डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. घाटातले कॅमेरे काचेतून चालकाचा चेहरा टिपत आणि रंगाच्या त्या भरती-ओहोटीवरून नाडी मोजत. गाडी पांढरा पट्टा किती वेळा ओलांडते, ब्रेक किती उशिरा लागतो, पापण्या किती जड झाल्यात, हात कुठे आहेत, हे सगळं जोडून यंत्र अंदाज बांधे की या माणसाला पुढच्या काही मिनिटांत काय होऊ शकतं. साखर उतरेल, डुलकी लागेल, हृदयाचा झटका येईल. अंदाज वाईट निघाला की गाडीत सूचना वाजे, पुढचा सिग्नल लाल होई, मागची वाहनं आपोआप सावकाश होत आणि थांब्यावरची रुग्णवाहिका निघे.

हे नियम कुणी बसून लिहिले नव्हते. यंत्राला हजारो चालकांची चित्रं दाखवली, हा पुढे आजारी पडला, हा ठणठणीत राहिला, असं सांगत गेले, आणि दोघांतला फरक यंत्रानं आपला आपण शोधला. पण ती चित्रं होती कुठल्यातरी लांबच्या सपाट महामार्गावरची. तिथं गाडी चालवता चालवता कुणी छातीला हात लावला तर तो दुखतंय म्हणूनच लावलेला असे.

सोनगिरीच्या घाटात वाघजाई होती. ट्रकवाला असो की बुलेटवरचा पोरगा, देऊळ आलं की उजवा हात स्टिअरिंगवरून सुटायचा, छातीला लागायचा, मग कपाळाला. यंत्र घाबरलं. पहिल्या आठवड्यात रुग्णवाहिका दिवसभर वर-खाली पळत होती. एका वऱ्हाडाची गाडी अडवून नर्सनं स्वतः गाडी चालवणाऱ्या हौशी नवरदेवालाच स्ट्रेचरवर घेतलं. लोक हसले, मग चिडले, मग वरून फोन आले. तेव्हा पहाराच्या केंद्राचे प्रमुख अभियंता हृषीकेश कारखानीस यांनी चाळणी बसवली. देवळाच्या टापूत छातीवर हात दिसला तर तो नमस्कार समजावा आणि सोडून द्यावा. तक्रारी थांबल्या. साहेबांचं कौतुक झालं.

यदूची छाती त्याच टापूत दुखायला लागली.

गाडीत सूचना वाजली नाही, सिग्नल हिरवाच राहिला, स्कूटर सावकाश झाली नाही. शवविच्छेदनातून काही कळलं नाही, कारण छाती स्टिअरिंगवर आपटून आधीच मोडली होती. आणि पहाराच्या नोंदीत स्वच्छ होतं, चालकानं नमस्कार केला.

यदूचे दिवस झाल्यावर कारखानीस स्वतः घरी आले. सोनेरी काडीचा चष्मा, दाट पांढरे केस, मऊ आवाज. अनुकंपा तत्त्वावर केंद्रात नोकरी देऊ म्हणाले. “मनुष्यबळ वाढवतोच आहोत. शंका असलेली चित्रं आता माणसांकडून पडताळून घ्यायची आहेत. बसून काम आहे. घरच्यासारखं समजा.”

मैथिलीनं चहा दिला. चहा देताना तिच्या लक्षात आलं. यंत्र बरोबर होतं तर आताच पडताळायला माणसं कशाला लागली?

“येईन मी,” ती म्हणाली.

*

नव्या पडताळणीकार बायकांचा पहिला वर्ग कारखानीसांनीच घेतला. मोठ्या पडद्यावर नमुने दाखवत होते. नावं नाहीत, चेहरे कापलेले, खांद्यापासून स्टिअरिंगपर्यंतचं चित्र आणि खाली नाडीची रेघ. हा धोका. हा नमस्कार. हा धोका.

मग एक हात आला. टेम्पोच्या फाळक्यात सापडून काळं पडलेलं अंगठ्याचं नख.

त्या नखावर मैथिलीनं हळद लावली होती.

“हा बघा आदर्श नमुना,” कारखानीस म्हणाले. “कसा तल्लीन झालाय. देवीवर विश्वास असावा तर असा.” दोन-तीन जणी हसल्या.

“सर, खालची नाडी वाकडीतिकडी दिसतीये,” मैथिलीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचातरी वाटला.

“छान प्रश्न. तिथं वडाच्या पारंब्या आहेत. सावली चेहऱ्यावर हलते, नाडी चुकते. देवळापाशी नाडीकडे बघायचंच नाही.”

त्यांना ठाऊकच नव्हतं की तो हात कुणाचा. त्या क्षणापर्यंत तिच्या मनात नुसतं दुःख होतं; त्याला हात-पाय तिथं फुटले.

वर्गानंतर टेबलं वाटली गेली. वाघजाईचा कॅमेरा मैथिलीला द्यायला कुणी तयार नव्हतं. शेजारच्या टेबलावरची तबस्सुम म्हणाली, “सोड की बाई. मी घेते तो. तुला कशाला रोज तेच तोंड बघायचंय त्या वळणाचं?”

“मला तोच पाहिजे,” मैथिली म्हणाली.

*

वेणू तेव्हा नुकती बोलायला लागली होती. गल्लीतला कुत्रा भूभू. मग शेळी भूभू, गाय भूभू, आणि एकदा चार पायांवर रांगत पलंगाखालची चप्पल काढणारी आजीसुद्धा भूभू. गयाबाई लेकाच्या मागे पहिल्यांदा हसल्या त्या दिवशी. मैथिली तिला कडेवर घेऊन दाखवायची, “ही माऊ. ही म्हैस. म्हण, म्हैस.” वेणू डोळे मोठे करून बघायची, आईचा गाल चिमटीत धरायची आणि म्हणायची, “भूभू.” दहादा दाखवलं, वीसदा दाखवलं, आणि एका सकाळी ती गोठ्याकडे बोट करून आपणहून म्हणाली, “म्हश.” कशावरून ओळखलं, शिंगांवरून की रंगावरून, ते तिचं तिलाच माहीत. मैथिलीनं तिचे एवढे मुके घेतले की पोर कावली.

यंत्राचंही तसंच होतं. देवळापाशी छातीवर दिसलेला हात आता सरसकट सोडला जात नसे; यंत्राला शंका आली की चेहऱ्यासकट चित्र पडताळणीला येई आणि खाली दोन चौकोन असत, ‘धोका’ आणि ‘नमस्कार’. बायका बोट ठेवत. ती उत्तरं रविवारी एकत्र करून यंत्राला शिकवली जात, की बाळा, तू गोंधळलास ते हे होतं. पुढच्या वेळी यंत्र जरा शहाणं होऊन यायचं.

कारखानीसांचा बंगला घाटमाथ्यावर होता. रोज सकाळी त्यांची गाडी खाली यायची, देवळापाशी त्यांचाही हात छातीला लागायचा. साहेब तसे भाविक.

मैथिलीनं बोट ठेवलं. धोका.

दुसऱ्या दिवशी, धोका. तिसऱ्या दिवशी, धोका. बाकी सगळ्यांची उत्तरं ती चोख देई, एकही चूक नाही. फक्त त्या एका हातापाशी ती यंत्राला प्रेमानं, न कंटाळता, तोच धडा द्यायची. म्हण बाळा, म्हण. हा माणूस मरणार आहे.

यंत्र शिकलं.

पहारा प्रत्येक चालकाला धोक्याप्रमाणे एक रंग देई. आधी साहेबांचा रंग हिरव्याचा पिवळा झाला. पिवळा म्हणजे घाटात गाडीचा वेग आपोआप बांधला जातो. त्यांच्यामागे एसटी भोंगे वाजवू लागल्या. मग नारंगी. नारंगी म्हणजे थांब्यावर गाडी आपणहून बाजूला लागते, नर्स येऊन दंडाला पट्टा गुंडाळते, आणि येणारे-जाणारे काचेतून बघतात. साहेबांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, “पण पहारा म्हणतोय म्हणजे काहीतरी असणार. परत करू.” परत ठीक. तिसऱ्यांदा करू. कारखानीसबाई त्यांच्या गाडीत बसायच्या बंद झाल्या. राज्यभराच्या पहाराचं प्रमुखपद त्यांना मिळणार होतं, ते अडलं. ज्याच्या जिवाचा भरवसा नाही त्याच्या हाती राज्याचे रस्ते कसे द्यायचे?

केंद्रात ते येत तेव्हा चेहरा उतरलेला असे. बोलता बोलता बोटं मनगटावर जाऊन नाडी चाचपायची. मैथिली आपल्या टेबलावरून ते बघायची. घरी जाऊन वेणूला मांडीवर घेऊन वरण-भात भरवायची. त्या दिवसांत भाताला चव होती.

*

“मैथिले,” तबस्सुम एका दुपारी डबा उघडता उघडता म्हणाली, “अब्बांना नारंगी आलाय.”

तिचे अब्बा बेकरीची गाडी चालवायचे. घाटावरच्या सगळ्या गावांना खारी-बटर त्यांच्याकडूनच जायचं.

“काय झालं त्यांना?”

“काय व्हायचंय? डॉक्टर म्हणतो घोड्यासारखी तब्येत आहे. अब्बा खूश झाले, पण घोडा तबेल्यातच बांधलाय ना. गाडी दारात उभी.” तिनं पोळी मोडली, खाल्ली नाही. “मी जरा बघत बसले गं. या महिन्यात थांबवलेली माणसं बघ. एक मास्तर, एक वकील, एक ते पतपेढीवाले. सगळ्यांचे केस पांढरे आणि सगळ्यांच्या डोळ्याला सोनेरी काडीचा चष्मा. अब्बांनी तो माझ्या लग्नात घेतला, हौसेनं. यंत्राला चष्म्याचा एवढा राग कधीपासून यायला लागला?”

मैथिलीला वेणू आठवली. शेळी भूभू, गाय भूभू. ती शिकवत होती एक माणूस, आणि यंत्र शिकत होतं चष्मा.

“तूच ना?” तबस्सुमनं आवाज खाली आणला.

“मला थोडे दिवस दे.”

“कशाला? त्यानं मरावं म्हणून?”

“मरून काय उपयोग. त्याला बोलायला लावायचंय मला.”

“आणि तोवर अब्बांनी काय करायचं?”

“साधा चष्मा घालायला सांग.”

हे तोंडातून गेल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. तो कारखानीसांसारखाच मऊ होता. तबस्सुमनं डबा झाकला, उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. अब्बांनी काळ्या काडीचा चष्मा घातला आणि आठवड्याभरात त्यांचा रंग पिवळा झाला; तरी तबस्सुम परत या टेबलावर आली नाही. मैथिलीनं बोट थांबवलं नाही.

*

शेवटी कारखानीसांनी आपल्या नारंगी रंगाविरुद्ध अपील केलं. सुनावणीचा नियम त्यांनीच लिहिला होता. यंत्रानं ठरवलं असं कुणी म्हणू नये म्हणून समोर त्या कॅमेऱ्याची पडताळणीकार बसलेली हवी, जिल्ह्याचा अधिकारी हवा आणि सगळं बोलणं ध्वनिमुद्रित व्हावं. जिल्ह्याहून इंगवले मॅडम आल्या. टेबलाच्या एका बाजूला कारखानीस, दुसऱ्या बाजूला मैथिली.

तिला बघून ते जरा सैलावले. “अरे, तुम्ही आहात होय. मग घरचाच मामला.”

पडद्यावर त्यांची चित्रं आली. छातीला हात, छातीला हात, छातीला हात.

“हा नमस्कार आहे,” ते म्हणाले. “मी रोज करतो. दुखणं नाही, काही नाही.”

“यंत्राला ते दुखणं वाटतंय,” मैथिली म्हणाली.

“यंत्राला फरक कळत नाही.”

“कुठला फरक, सर? नीट सांगाल? ध्वनिमुद्रण चालू आहे.”

ते जरा वैतागले. “छातीवरचा हात नमस्काराचा आहे की दुखण्याचा, हा फरक पहाराला कळत नाही. चित्रावरून तो कळणं शक्यही नाही.”

इंगवले मॅडमनी मान डोलावली. “पडताळणीकाराला तुलनेसाठी एक चित्र दाखवता येतं. दाखवायचंय?”

“हो,” मैथिली म्हणाली.

तिनं काळ्या नखाचा हात पडद्यावर आणला.

“हे आपल्या केंद्रात ‘नमस्कार’ म्हणून शिकवलं जातं. तुमच्या चित्रात आणि यात काही फरक दिसतो का, सर?”

कारखानीसांना वाटलं, बाई मदत करतीये. “काहीच नाही. हेच तर मी म्हणतोय. अगदी तेच आहे.”

“मग हा माणूस नमस्कार करत होता, असं छातीठोक सांगता येईल?”

“नाही.”

“दुखत असेल?”

“असेलही. चित्रावरून कुणीच सांगू शकणार नाही.”

“तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा.”

मैथिलीनं इंगवले मॅडमकडे वळून सांगितलं, “हा हात यदुनाथ शेवाळेचा आहे. माझ्या नवऱ्याचा. अहवालात लिहिलंय की त्यानं वाघजाईला नमस्कार करायला हात सोडला. आम्ही महानुभाव आहोत, मॅडम. आमच्या घरातला माणूस तिथं हात जोडत नाही. त्यानं तो हात का लावला असेल ते तुम्हीच ठरवा.”

कारखानीसांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं बघायला कॅमेऱ्याची गरज नव्हती.

“ते प्रकरण वेगळं आहे,” ते म्हणाले.

“वेगळं कसं?” इंगवले मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “आत्ताच तुम्ही अगदी तेच आहे म्हणालात. तुमचं म्हणणं मागे घेताय का? घेतलंत तर अपील फेटाळलं जाईल, रंग नारंगीच राहील. कायम ठेवलंत तर शेवाळेंचा अहवाल मला फेरचौकशीला पाठवावा लागेल. दोन्ही एकदम नाही मिळणार.”

प्रमुखपद एका पारड्यात होतं, मेलेला एक टेम्पोवाला दुसऱ्यात. चौकशीचं नंतर बघता येईल असं त्यांनी ठरवलं असावं.

“कायम आहे,” ते म्हणाले.

“पडताळणीकाराची संमती?”

मैथिलीनं संमती देण्याआधी रिवाजाप्रमाणे आपल्या पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर त्यांचं त्या सकाळचं चित्र उघडलं. हे देवळाजवळचं नव्हतं. घाटाच्या तळाशी, टोलनाक्यावरच्या मोकळ्या उन्हातलं होतं. हात स्टिअरिंगवरच होते. खाली नाडीची रेघ होती. दोन ठोके, मग एक गाळलेला, मग घाईघाईनं तीन. तिथं ना वड होता ना पारंब्या.

ही रेघ तिनं कुणाला शिकवलेली नव्हती. रेघ शिकवता येत नाही, ती नुसती मोजलेली असते. अशीच रेघ काळ्या नखाच्या खाली होती, आणि तिनं ती इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटून काढून दाखवली असती.

महिने-महिने नाडी चाचपत, रात्री जागत काढल्यावर साहेबांचं काळीज खरंच अडखळायला लागलं होतं.

आता बोलावं, तर यंत्र बरोबर ठरणार. अपील फेटाळलं जाणार, आणि त्याबरोबर साहेबांचं ते वाक्यही निकामी होणार. मैथिलीनं ओठ मिटले. गयाबाईंचे पिठानं माखलेले हात तिच्या डोळ्यांपुढे होते.

“संमती आहे,” ती म्हणाली.

इंगवले मॅडमनी निर्णय नोंदवला. अपील मान्य. रंग हिरवा. शेवाळे प्रकरण पुढच्या महिन्यात फेरचौकशीला, कारखानीसांनी साक्षीला हजर राहावं. ध्वनिमुद्रण बंद झालं. मॅडम चहाला गेल्या.

मैथिली उठून कारखानीसांच्या समोर जाऊन उभी राहिली. “साहेब, आज गाडी चालवू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. सकाळची नाडी चुकतीये.”

त्यांनी मान वर केली. मऊपणा गेला होता. “अजून पोट भरलं नाही तुमचं?”

“हे खरं आहे. हे मी शिकवलेलं नाही.”

“म्हणजे बाकीचं शिकवलंत.”

ते हसल्यासारखं करून उठले, किल्ली घेतली. दारात वळून म्हणाले, “मी ठणठणीत आहे, बाई. चार डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्हीच यंत्राला वेडं केलंत, आता मला करू नका.”

खरं सांगूनही विश्वास बसू नये, इतकं नीट काम तिनं केलं होतं.

*

घाटाच्या नकाशावर त्यांच्या गाडीचा हिरवा ठिपका वर चढू लागला. मैथिली टेबलाशी उभी होती. अपील मान्य झाल्यामुळे त्यांचं चित्र आता पडताळणीला येणार नव्हतं; यंत्राला शंकाच उरली नव्हती.

तबस्सुम पलीकडून उठून आली. किती दिवसांनी. तिनं सकाळची रेघ बघितली, मग मैथिलीकडे. “या अल्ला. हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“रुग्णवाहिका काढू? थांब्यावरच अडवू त्यांना?”

“हिरवी गाडी अडवता येत नाही. आणि अडवली तरी थांबायचे नाहीत ते.” मैथिलीचं लक्ष ठिपक्यावरून हललं नाही. “देवळाच्या पुढच्या वळणावर उभी कर. मागची वाहनं टोलवाल्यांना सांगून नाक्यावरच थांबव. रस्ता मोकळा पाहिजे, दुसऱ्या कुणाचा पाय जायला नको.”

“पुढच्या का? देवळापाशीच करते की.”

“नाही. देवळासमोरून त्यांना एकट्याला जाऊ दे. सूचना वाजत नाही, सिग्नल हिरवाच आहे, आणि छातीवर हात आहे. तेवढं कळू दे त्यांना.”

“आणि मेला तर?”

“मरू द्यायचं नाही,” मैथिली म्हणाली. “मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. त्यांनीच दाखवलंय मला ते. मला ते जिवंत पाहिजेत, त्या खुर्चीत बसलेले, परत तेच वाक्य बोलताना.”

तबस्सुमनं फोन उचलला आणि भराभरा सांगायला लागली.

वाघजाईच्या कॅमेऱ्यात गाडी आली. काचेमागे हात सुटला, छातीला लागला आणि तिथंच राहिला. कपाळाकडे गेलाच नाही. चित्राच्या खाली हिरव्या अक्षरांत उमटलं, नमस्कार. गाडी देवळासमोरून रांगत गेली, कठड्याला घासली, वळणाच्या तोंडाशी जाऊन थांबली. रुग्णवाहिकेचं दार आधीच उघडलेलं होतं.

बऱ्याच वेळानं टेबलावरचा फोन वाजला. वरची नर्स होती, धापा टाकत होती. “मॅडम, वेळेत सापडले. शुद्धीत आहेत. बोलू नका सांगितलं तरी बोलतायत. विचारतायत, हिरवा रंग असताना गाडी कुणी पाठवली?”

“त्यांना सांगा, यदुनाथ शेवाळेच्या बायकोनं.”

पलीकडे नर्सनं ते सांगितल्याचं ऐकू आलं. मग नर्सच परत बोलली, जरा बावरून, “रडतायत ते. अजून काही सांगू का?”

“सांगा, लवकर बरे व्हा म्हणावं. पुढच्या महिन्यात साक्ष आहे.”